तीन दरपत्रके

सरकारी आणि निमसरकारी मराठीत काही शब्द असे असतात, की ते कोणी बोलत नाही. ते फक्त लिहिले जातात. 'दरपत्रक' हा त्यांतलाच एक. माणसे तोंडाने 'कोटेशन' म्हणतात आणि कागदावर 'दरपत्रक' लिहितात. 'निविदा' हा शब्द त्याहून भारदस्त. त्याचे 'निवेदना'शी सख्खे नाते आहे. जे आहे ते समोरच्याला कळवावे, असा त्याचा मूळ भाव. पण आज निविदेतून कळतो तो बहुधा एकच आकडा. ती वस्तू जन्मली कुठे, कोणाच्या हातांतून आली आणि काम संपल्यावर कुठे जाऊन मरणार, यांतले काहीच ती निवेदन करीत नाही. मराठी शिकवण्यावर ज्याचा चरितार्थ चालतो त्याने खरे तर एवढी व्युत्पत्ती सांगून खडू खाली ठेवावा. निविदा भरणे आणि फोडणे हा काही आमचा प्रांत नव्हे.

परंतु मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कवितेपेक्षा भाषांतरच अधिक मागतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात परदेशी देणगीच्या पैशावर चालणारा एक लहानसा ग्रामविकास प्रकल्प होता. त्याच्या कचेरीतून एक इंग्रजी पुस्तिका माझ्याकडे आली. बचत गटातल्या बायकांना समजेल अशा मराठीत ती उतरवून द्या, अशी विनंती होती. विषय खरेदीचा. प्रकल्पाच्या पैशातून जे काही घ्यायचे, ते घेताना निसर्गाचा विचार कसा करावा, हे तीत सांगितले होते. मी शीर्षक दिले 'हरित खरेदी', आणि ते मलाच आवडले नाही. पण दुसरे सुचेना.

पुस्तिकेतला विचार मात्र चांगला होता आणि त्याला मोठमोठ्या घरच्या सोयरिकी होत्या. सार्वजनिक पैशाने खरेदी करताना नुसती किंमत न पाहता वस्तूच्या साऱ्या आयुष्याचा खर्च पाहता येईल, असा कायदा युरोपीय संघाने २०१४ साली केला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली, त्यांतल्या बाराव्या उद्दिष्टात सरकारी खरेदीला एक स्वतंत्र कलम मिळाले. जुलै २०१६ पासून जागतिक बँकेनेही आपली खरेदीची जुनी चौकट बदलली आणि स्वस्त काय यापेक्षा पैशाचे चीज कशात होते, हे विचारायला सुरुवात केली. एवढा मोठा विचार चाळीस पानांत बसवून, पाट्या-टोपल्या आणि दोऱ्या-जाळ्या विकत घेणाऱ्या बायकांपर्यंत पोचवायचा होता. भाषांतर झाल्यावर ते वाचून दाखवायलाही तुम्हीच या, असे कचेरीने कळवले आणि जानेवारीतल्या एका दुपारी मी धामापूरला गेलो.

कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून मालवणकडे जाणाऱ्यांना धामापूर माहीत असते ते तळ्यामुळे. दोन डोंगरांच्या मधली जागा मातीच्या बांधाने अडवून १५३० साली हे तळे बांधले गेले. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ते बांधविले, असे सांगितले जाते. काठावर भगवतीचे देऊळ आहे. जवळजवळ पाच शतके हा बांध पाणी धरून आहे, म्हणून आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निस्सारण आयोगाने २०२० साली जागतिक वारसा लाभलेल्या सिंचन-कामांच्या यादीत त्याचे नाव घातले. त्या बांधाची निविदा निघाली नसावी. निघाली असती तरी पाचशे वर्षांची हमी द्यायला कोणता कंत्राटदार पुढे आला असता!

या तळ्याची एक दंतकथा कोकणात पुष्कळांना ठाऊक आहे. घरात लग्न निघाले आणि सोने नसले, की परडीत फुलांचे दागिने ठेवून ती तळ्यात सोडायची. परडी बुडे आणि वर येई ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. लग्न पार पडले की दागिने तळ्याला परत करायचे, एवढीच अट. पुढे कोणा एकाने ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून परडी वर यायची थांबली. लहानपणी ही कथा ऐकताना मला दागिन्यांचे नवल वाटे. आता नवल वाटते ते त्या अटीचे. घेतलेली वस्तू वापरून झाल्यावर जाणार कुठे, हे घेण्याआधीच ठरलेले होते.

सभा एका घराच्या पडवीत होती. पंधरा-सोळा बायका, प्रकल्पाचा एक हिशेबनीस, आणि मी. 'हरित खरेदी' हे शब्द मी उच्चारताच मागच्या रांगेतून एकजण म्हणाली, "म्हणजे हिरव्या रंगाचा काय तां घेवचा?" सगळ्या हसल्या. पण हसण्यात तथ्य होते, कारण गटाला त्या महिन्यात नेमके एक हिरव्या रंगाचेच काही घ्यायचे होते. कोकम आणि आंब्याच्या कलमांची रोपवाटिका त्यांनी मंजूर करून घेतली होती. फेब्रुवारी ते मे या उन्हाच्या दिवसांत कलमांवर सावली हवी. आणि सावली म्हटले की आजकाल कोणीही एकाच वस्तूचे नाव घेतो, ती म्हणजे हिरवी शेडनेट. प्लास्टिकच्या धाग्याची ती जाळी तुम्ही पाहिली असेल. बाग असो, इमारतीचे बांधकाम असो, की रसवंतीचे दुकान असो, महाराष्ट्राच्या डोक्यावर आता तीच असते. हिरवेपणा असा तिच्याइतका उघड उघड मिरवणारी दुसरी वस्तू नाही.

गटातल्या तीन-चार जणींचे म्हणणे वेगळे होते. त्यांना माटव हवा होता, म्हणजे आपला मांडव. खांब माणग्याचे, माणगा हा आमच्याकडचा भरीव बांबू, त्याची बेटे परसापरसांत असतात. वर विणलेल्या झावळ्या, बांधायला सुंभ. तीन घरे पलीकडे एक काकी राहत होत्या. सत्तरीच्या घरातल्या, विधवा. झावळ पाण्यात भिजवून, मधोमध चिरून, तिची दोन तट्टे विणण्यात त्यांचा हात धरणारे वाडीत कोणी उरले नव्हते. एके काळी लग्नसराईत त्यांना दम खायला फुरसत नसे. पत्रे आले, ताडपत्री आली, मग ही जाळी आली. आणि काकींकडे काम राहिले ते पावसाआधी कोणाच्या पडवीला झड लावण्यापुरते. त्यांची सून विणत नाही. ती काजूच्या कारखान्यात जाते, आणि तिथे तिला दर आठवड्याला पैसे मिळतात, हे काकी स्वतःच कौतुकाने सांगतात.

मी भाषांतरलेल्या पुस्तिकेत पान अकरावर स्वच्छ लिहिले होते: शक्य असेल तिथे स्थानिक, नैसर्गिक आणि कुजून मातीत मिसळणाऱ्या वस्तूंना प्राधान्य द्यावे. म्हणजे निकाल लागला, असे कोणालाही वाटेल. पण पान सतरावर दुसरे एक वाक्य होते: प्रत्येक खरेदीसाठी नोंदणीकृत विक्रेत्यांची किमान तीन दरपत्रके जोडावीत. दोन्ही वाक्ये मीच मराठीत आणली होती आणि दोन्हींचे व्याकरण निर्दोष होते. ती एकमेकांचा गळा धरून बसली आहेत, हे मात्र त्या पडवीत बसल्यावर दिसले.

काकींना बोलावणे गेले. त्या आल्या, खांबाला टेकून बसल्या. हिशेबनिसाने सांगितले, की दरपत्रक द्या, त्यावर छापील नाव हवे, शिक्का हवा, जीएसटीचा क्रमांक हवा; आणि तुमच्यासारख्या आणखी दोघींचीही दरपत्रके हवीत. काकींनी सारे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तरांनू, माझो दर सगळ्या वाडीक म्हायती आसा. तो कागदार कित्याक लिवूचो?"

याला उत्तर नव्हते. उलट शहरातल्या दुकानांतून शेडनेटची तीन दरपत्रके दुसऱ्याच दिवशी आली. तिन्हींवर वेगळी नावे, वेगळे शिक्के. मजकुरातली शुद्धलेखनाची चूक मात्र तिन्हींत एकाच ठिकाणी. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नाहीत. मी काही बोललो नाही, कारण तीन दरपत्रकांची ही रीत मला नवी नव्हती आणि वाचकांनाही नसावी. ज्याला माल द्यायचा तोच उरलेली दोन पैदा करतो, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी संस्थेसाठी कपाट घेतले आहे त्याला कोणी सांगायला नको.

एवढ्याशा सावलीसाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. काही हजारांची तर खरेदी! पण मला उत्तरोत्तर असे वाटू लागले आहे, की विकासाच्या कोणत्याही प्रकल्पाचे खरे चरित्र त्याच्या उद्दिष्टांत नसते, ते त्याच्या पावत्यांच्या फायलीत असते. उद्दिष्टे कोणीही लिहील. पैसा ज्या वस्तूवर जातो ती वस्तू गावात राहायला येते आणि मग गाव हळूहळू तिच्या सोयीने वागू लागते.

स्वतंत्र भारतात परदेशी मदतीने झालेल्या अगदी पहिल्या ग्रामविकास प्रकल्पांपैकी एक समुद्रकाठचाच होता. १९५२ साली संयुक्त राष्ट्रसंघ, नॉर्वे आणि भारत यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या मच्छीमार गावांत काम सुरू झाले. हेतू गरीब मच्छीमारांचे राहणीमान सुधारण्याचा. दवाखाना, पिण्याचे पाणी, बर्फाचा कारखाना, सारे त्यात होते. त्याबरोबर यंत्राच्या होड्या आल्या, नायलॉनची जाळी आली, आणि पुढे तळ खरवडणारे ट्रॉलिंग आले. परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला तशी प्रकल्पातली ही शेवटची गोष्ट बाकीच्या साऱ्यांच्या डोक्यावर बसली. आज त्या प्रकल्पाचे नाव निघते ते पाण्याच्या नळासाठी नव्हे, ट्रॉलरसाठी निघते. नॉर्वेच्या लोकांनी वाईट चिंतले होते असे मुळीच नाही. त्यांनी चांगले चिंतले आणि होड्या दिल्या. चिंतन मागे राहिले, होड्या पुढे गेल्या.

आमच्या किनाऱ्यावर ट्रॉलर आले तेव्हा त्यांची गाठ पडली रापणीशी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. ते एकट्याचे नसते. ज्याने त्याने आपला तुकडा आणावा, सर्वांनी मिळून ओढावे, वाट्याप्रमाणे मासळी घ्यावी. रापणकरांचे आणि ट्रॉलरवाल्यांचे तंटे मालवणच्या किनाऱ्याने पुष्कळ पाहिले. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदा केला, तरीही पाहिले.

तीस वर्षांनी याच किनाऱ्यावर दुसरा परदेशी पैसा आला, आणि त्याने उलट दिशेची खरेदी केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या मदतीने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला होता. त्याच्याकडे हे काम होते. या प्रकल्पात ट्रॉलरवाल्यांना चौकोनी आसाची जाळी देण्यात आली. जाळ्याचा आस नेहमी शंकरपाळ्यासारखा असतो. जाळे ओढले की तो ताणून मिटतो आणि बोटाएवढे पिल्लूही आत अडकते. चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चाळीस मिलिमीटरचा चौकोनी आस लावला, की लहान मासा निसटून जातो. धागा तोच; पण घेताना कोणीतरी आसाचा आकार विचारला. हरित खरेदीचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. वर्गात मी आता तेच देतो, आणि मुलांना शंकरपाळे पटकन समजते.

पण खरेदीचे एक टोक धरले की दुसरे हातातून सुटते. याच प्रकल्पाने कांदळवनात खेकडे वाढवण्याचा धंदा बचत गटांना शिकवला. उद्योग चांगला; कांदळवन तोडण्यापेक्षा राखण्यात पैसा आहे, हे त्यामुळे लोकांना दिसले. खेकड्यांची पिल्ले आणायची ती तामिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यशेती केंद्राच्या उबवणुकीतून. एवढा प्रवास करून ती इथल्या खाडीत यायची. शिवाय खेकडा मांसाहारी. त्याला रोज खायला लागते ती बाजारात भाव नसलेली बारीकसारीक मासळी. ती येते कोठून? बहुतांशी ज्या जाळ्यांत पिल्ले अडकतात, त्याच जाळ्यांतून! एका पावतीने पिल्लू सोडायचे आणि दुसऱ्या पावतीने तेच विकत घ्यायचे. दोन पावत्या एकाच फायलीत शेजारी शेजारी लावल्या असल्या, तरी त्या एकमेकींशी बोलत नाहीत. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. हरित हवामान निधीने २०१८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरांचे अनुदान मंजूर केले. त्यातला महाराष्ट्राचा किनारा म्हणजे आमचा सिंधुदुर्गच. पैसा पुष्कळ आहे आणि येत राहील. त्यातून काय विकत घेतले जाते, याकडे पाहायला मात्र सभेच्या शेवटची पाच मिनिटेच मिळतात.

धामापूरच्या पडवीत ती पाच मिनिटे दीड तास चालली.

मी जरा तावातावाने म्हणालो, की काकींकडे जीएसटी क्रमांक मागणेच चूक आहे. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत मालाची विक्री करणाऱ्याला नोंदणी लागत नाही, हे २०१९ पासून सर्वांना माहीत आहे. आणि काकींनी चाळीस लाखांच्या झावळ्या विणायला घेतल्या, तर कोकणात माड शिल्लक राहणार नाहीत. शिवाय केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम २०१७ साली नव्याने निघाले, तेव्हा त्यांत पंचवीस हजारांपर्यंतची खरेदी दरपत्रकांवाचून, अधिकाऱ्याच्या नुसत्या प्रमाणपत्रावर करण्याची सोय होती. सरकार जे चालवून घेते ते या कचेरीने का चालवून घेऊ नये?

हिशेबनीस तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. तो म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे. पण झावळीला बिल नाही, वजन नाही, माप नाही. उद्या दुसऱ्या गावातला कोणी पन्नास झावळ्या बांधून पाचशेचे पैसे काढील. पावसाळ्यानंतर तपासायला येणाऱ्याला मी काय दाखवू? कुजलेली झावळ? जाळी निदान मोजता येते."

हे म्हणणे मला आजही टाकाऊ वाटत नाही. सार्वजनिक पैशाला पावती हवीच. ज्या वस्तू कुजतात त्यांचा पुरावाही कुजतो. आणि जी वस्तू शंभर वर्षे मरत नाही ती लेखापरीक्षकाची लाडकी असते, ही त्यातली खरी अडचण आहे. निसर्गाला जे सोयीचे ते कागदाला गैरसोयीचे.

जुन्या वस्तूंची आरती ओवाळण्याचीही मला हौस नाही. मांडव एका उन्हाळ्याचा धनी; ठिणगी पडली तर घटकेत राख. जाळी तीन-चार वर्षे सहज टिकते. खाडीच्या खाऱ्या पाण्यात रोवलेला बांबूचा खांब किडीने पोखरला जातो, तिथे प्लास्टिकचा नळ बरा ठरतो. जांभ्याचा चिरा आमच्या मातीतला, गिलाव्यावाचूनही भिंत उभी राहते, म्हणून प्रकल्पवाले त्याला 'स्थानिक' म्हणून पसंती देतात. पण चिरेखाणी ज्यांनी डोंगराच्या अंगावर पाहिल्या आहेत त्यांना त्या पसंतीचे फार कौतुक वाटणार नाही. आणि काथ्यासाठी सोडणे कुजत घातलेल्या पाण्याचा वास ज्याने घेतला आहे, तो त्यावर कविता लिहीत नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या जागी आणि तिच्या कामापुरते विचारावे लागते. कलमांना सावली हवी होती ती चारच महिने. चार महिन्यांच्या सावलीसाठी शंभर वर्षे न मरणारी जाळी, हा हिशेब माझ्याच्याने जुळेना.

तो काकींनी जुळवला. त्यांनी हिशेबनिसाला विचारले, "तुमची जाळी फाटली काय मगे खंय टाकतलास?"

तो म्हणाला, "म्हणजे?"

"झावळ कुजता. माडाच्या आळ्यात घातली काय माडाक खत. जाळी कोणाच्या आळ्यात घालूची?"

पडवीत कोणी बोलेना. वाडीत घंटागाडी येत नाही. फाटलेल्या जाळीचे होते ते एवढेच: काही दिवस ती गडग्यावर वाळत पडते, मग कोंबड्यांच्या खुराड्याला लागते, मग तिचे हिरवे धागे सुटून पऱ्यात जातात आणि पऱ्या तिला घेऊन कर्लीच्या खाडीकडे निघतो. पुस्तिकेत यासाठी एक शब्द होता: 'आयुर्मानोत्तर विल्हेवाट'. मीच तो घडवला होता. तो मी मोठ्याने वाचला नाही. काकींचे वाक्य त्याच्यापेक्षा चांगले होते.

नियम वाकत नाहीत असे नाही. वाकवणाऱ्याने आधी मोजमाप लिहून द्यावे लागते. काथ्याचेच पाहा. काथ्याची विणलेली जाळी रस्त्याखाली अंथरली, तर भुसभुशीत जमीन धरून राहते, हे जाणकार बरीच वर्षे सांगत होते; पण रस्त्याच्या अंदाजपत्रकात काथ्याला रकानाच नव्हता. २०२० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात त्याला जागा मिळाली. सात राज्यांत मिळून १६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याची जाळी वापरायचे ठरले, त्यांत महाराष्ट्राचे ३२८ किलोमीटर होते. माडाची सालटी अंदाजपत्रकात शिरली ती कोणाच्या कोकणप्रेमामुळे नव्हे; तिची जाडी, वीण, ताण सोसण्याची ताकद कोणीतरी कागदावर मांडली म्हणून.

तेव्हा आम्हीही कागद घेतला. झावळ 'नग' म्हणून मोजायची नाही, असे ठरले. मोजायची ती झाकलेली जागा. वाफ्यांची लांबी-रुंदी फुटपट्टीने घेतली. गटातल्या तिघी तीन वाड्यांत जाऊन विणलेल्या झावळीचा दर विचारून आल्या. प्रत्येकीने तो आपल्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. ही झाली तीन दरपत्रके, आणि ती खरोखरच तिघींच्या तीन अक्षरांत होती. गटाने ठराव केला. मांडव उभा झाल्यावर त्याचे छायाचित्र काढायचे, आणि जूनमध्ये झावळ्या उतरवून आळ्यात घालतानाही काढायचे, म्हणजे कुजण्याचा पुरावा कुजण्याआधीच फायलीत. तुलनात्मक तक्त्यात एका बाईच्या सांगण्यावरून हिशेबनिसाने एक रकाना वाढवला. त्याला मथळा काय द्यावा म्हणून तो माझ्याकडे पाहू लागला. मी 'मागे काय उरेल' एवढेच लिहायला सांगितले.

कचेरीने हे सारे मान्य केले, पण निम्मेच. निम्म्या जागेसाठी शेडनेटची मागणी आधीच गेलेली होती, आणि मार्चअखेर जवळ आला होता. मार्चअखेर म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्यामुळे त्या उन्हाळ्यात धामापूरच्या त्या रोपवाटिकेत एका अंगाला हिरवी जाळी होती आणि दुसऱ्या अंगाला माटव. कलमे कोणत्या सावलीत बरी जगली, असे मला पुष्कळांनी विचारले. दोन्हीकडे सारखीच जगली. माटवाखाली जरा गारवा अधिक असे, म्हणून दुपारी बायका तिकडे बसत.

काकींना पैसे मिळाले ते पावतीवर सही घेऊन. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत. सही करा म्हटल्यावर त्यांनी स्वतःचे, नवऱ्याचे, मग सासऱ्याचे, आणि शेवटी वाडीचे नाव लिहिले. पावतीवर जागा पुरेना, तेव्हा उरलेले मागच्या बाजूला गेले. हिशेबनिसाने ते तसेच ठेवले.

पुढच्या जानेवारीत पुन्हा दर मागवले. जाळीचा प्रश्नच नव्हता. ती पहिल्याच पावसाआधीच्या वादळात दोन ठिकाणी फाटली होती आणि अजून गडग्यावर होती. या खेपेस साऱ्या जागेवर झावळी घालायची, असा ठराव होता. काकी आल्या, त्याच खांबाला टेकून बसल्या आणि त्यांनी दर सांगितला. तो गेल्या वर्षीच्या दरापेक्षा चांगला सव्वापट होता. हिशेबनीस चमकला. एका वर्षात एवढी वाढ कशी, त्याने विचारले. माड तेच, झावळ तीच, विणणारे हातही तेच.

"गेल्या वर्सा ती नुसती झावळ होती," काकी म्हणाल्या. "आता ती हरित झाली मां?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी बाहेर माडांकडे पाहत होतो. मग त्याने पेनाचे टोपण काढले आणि तक्त्यात तो दर लिहिला.